विंक्स: 33 विजयांमागचं वेळापत्रक

13 एप्रिल 2019 रोजी सिडनीच्या रँडविक मैदानावर क्वीन एलिझाबेथ स्टेक्स जिंकून ऑस्ट्रेलियाची शर्यतीची घोडी विंक्स निवृत्त झाली. तो तिचा सलग 33 वा विजय होता. एकूण 43 शर्यती, 37 विजय, तीनदा दुसरा क्रमांक, 25 ग्रुप वन (सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींतले) विजय आणि बक्षिसापोटी 2 कोटी 64 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर हा तिचा जमाखर्च रेसच्या नादातल्या बहुतेकांना पाठ आहे. त्यात दडलेल्या दुसऱ्या एका आकड्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पहिल्या 10 शर्यतींपैकी तिने जिंकल्या होत्या फक्त 4. बाकीच्या सहांत तीनदा ती दुसरी आली आणि तीनदा पहिल्या तिघांतही नव्हती. अशी घोडी अकराव्या शर्यतीपासून चार वर्षं हरतच नाही. तबेला तोच, ट्रेनर ख्रिस वॉलर तोच. मग बदललं काय?

आमच्या मते उत्तराचा निम्मा भाग तिच्या पायांत आहे आणि निम्मा वॉलरच्या कॅलेंडरमध्ये. पायांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, कॅलेंडरबद्दल कमी.

खरेदी आणि रक्त

विंक्सचा जन्म 14 सप्टेंबर 2011 चा, न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यातला. दक्षिण गोलार्धात थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं, वय 1 ऑगस्टला वाढतं (आपल्याकडे 1 जानेवारीला), म्हणजे 1 ऑगस्टनंतर दीड महिन्यानेच जन्मलेली ही शिंगरी आपल्या तुकडीत वयाने फार मागे नव्हती. बाप स्ट्रीट क्राय, आई न्यूझीलंडची व्हेगास शोगर्ल. स्ट्रीट क्राय हा अमेरिकेच्या झेन्याटाचाही बाप. झेन्याटाने 20 पैकी 19 शर्यती जिंकल्या आणि तीही मागून येऊन जिंकणारीच होती. स्ट्रीट क्रायची पोरं उशिरा पिकतात, दोन वर्षांच्या वयात क्वचितच खरी चमक दाखवतात आणि चार-पाचच्या पुढे मजबूत होत जातात, असं पैदासवाल्यांत बोललं जायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पहिल्या दहा शर्यतींचं कोडं थोडं सुटतं.

2013 साली गोल्ड कोस्टच्या मॅजिक मिलियन्स लिलावात तिला 2 लाख 30 हजार डॉलरला घेतलं गेलं. पीटर टाय, डेबी केपिटिस आणि रिचर्ड ट्रीवीक असे तीन भागीदार. त्या लिलावाच्या मानाने ही किंमत मध्यम म्हणावी अशी. डोळे दिपावेत असं त्या शिंगरीत कुणाला काही दिसलं नव्हतं.

पहिल्या दहा

जून 2014 मध्ये वॉरविक फार्मला 1100 मीटरवर पदार्पण आणि विजय. पुढच्या दोन शर्यतीही तिच्याच. त्यानंतर मात्र सिडनीच्या तीन वर्षांच्या घोडींच्या मालिकेत फर्स्ट सील ही घोडी तिला आडवी आली. फ्लाइट स्टेक्समध्ये विंक्स तिच्या मागे दुसरी राहिली. 2015 च्या शरद मोसमात (तिकडे फेब्रुवारी ते एप्रिल) फार लॅप स्टेक्स जिंकली, पण आगेमागे नुसती चढउतार. 11 एप्रिल 2015 ला रँडविकवर 2400 मीटरच्या ऑस्ट्रेलियन ओक्समध्ये गस्ट ऑफ विंडने तिला मागे टाकलं. विंक्सचा तो शेवटचा पराभव.

या काळातल्या धावा पुन्हा पाहिल्या तर एक गोष्ट लगेच दिसते. गेटमधून ती हळू निघते, मागे पडते आणि शेवटी भरधाव येते, पण येईपर्यंत पुढचा घोडा पोचलेला असतो. छोट्या पल्ल्यावर वेळ पुरत नव्हता आणि 2400 वर तिची शेवटची उसळी बोथट होत होती. तीन वर्षांच्या घोडीला ओक्ससाठी ताणणं ही ऑस्ट्रेलियात रूढ वाट आहे, कारण मान आणि पैदाशीतली किंमत तिथे असते. महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीचा पल्लाही तोच, 2400, आणि तिथेही कित्येक मालक मैलाच्या घोड्याला केवळ डर्बीच्या मोहापायी त्या पल्ल्यावर उतरवतात.

ओक्सनंतर पाच आठवड्यांनी, 16 मे 2015 ला, क्वीन्सलंडमध्ये सनशाइन कोस्ट गिनीज. पल्ला 1600, जॉकी लॅरी कॅसिडी. वळणावर ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती, तिथून बाहेरच्या बाजूने येऊन जिंकली. 33 ची मोजणी इथून सुरू होते. दोन आठवड्यांनी क्वीन्सलंड ओक्स, तिचा पहिला ग्रुप वन, आणि त्या दिवसापासून शेवटपर्यंत खोगिरावर ह्यू बाउमन. त्यानंतर 2040 मीटरच्या पुढे वॉलरने तिला कधीच पळवलं नाही. मेलबर्न कपचा 3200 चा मोह तर लांबच राहिला.

कॅलेंडर

ऑस्ट्रेलियात रेसचे दोन मोठे मोसम: वसंत म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबरची सुरुवात, आणि शरद म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. दोहोंच्या मध्ये घोड्याला कुरणावर सोडतात, त्याला तिकडे स्पेल म्हणतात. स्पेलहून आलेल्या घोड्याला आधी संथ दुडकी, मग हळूहळू वाढत जाणारे गॅलप, मग एक-दोन बॅरिअर ट्रायल, म्हणजे पैज नसलेली सरावाची शर्यत. त्यानंतर पहिली खरी धाव. या चक्राला एक प्रेप म्हणतात. विंक्सचे प्रेप मोजले की वॉलरचा हात दिसतो. 2015 च्या वसंतापासून एका प्रेपमधल्या शर्यती अशा: 3, 4, 4, 4, 5, 3, 4, 4. पाचाच्या वर एकदाही नाही, आणि पाच झाल्या त्या पुढच्या प्रेपमध्ये लगेच तीनच.

शर्यतींचा क्रमही जवळजवळ ठरलेला. शरदात फेब्रुवारीला 1400 मीटरची ॲपोलो स्टेक्स, मग 1600 ची चिपिंग नॉर्टन, मग रोझहिलवर 1500 ची जॉर्ज रायडर आणि एप्रिलमध्ये 2000 ची क्वीन एलिझाबेथ. वसंतात ऑगस्टला 1400 ची वॉरविक स्टेक्स (2018 पासून हिचंच नाव विंक्स स्टेक्स झालं), सप्टेंबरमध्ये 1600 ची जॉर्ज मेन, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये 2000, आणि ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारी मूनी व्हॅलीला 2040 ची कॉक्स प्लेट. शर्यतींमध्ये अंतर साधारण दोन ते चार आठवड्यांचं. पल्ला पायरीपायरीने वाढतो. पहिली शर्यत मुद्दाम तिच्यासाठी आखूड ठेवलेली, म्हणजे ताजेपणावर ती निभावते आणि पुढच्या शर्यतीचं व्यायामाचं काम त्यातच होतं.

चिपिंग नॉर्टन आणि जॉर्ज रायडर तिने प्रत्येकी चारदा जिंकल्या, जॉर्ज मेन आणि क्वीन एलिझाबेथ प्रत्येकी तीनदा, कॉक्स प्लेट चारदा. मैदान ओळखीचं, प्रवास थोडा, रोझहिलचा स्वतःचा तबेला हाकेच्या अंतरावर. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांना आमचा आक्षेप नाही. पण नवं मैदान, नवी गवताची जात, विमानाचा प्रवास यांतलं एकेक वजा करत गेलं की घोडा हरण्याची कारणं कमी होत जातात, आणि 33 चा आकडा असाच उभा राहतो.

दुसरी गोष्ट वजनाची. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, जेणेकरून सगळे एका रांगेत पोचावेत. जिंकत राहिलात की वजन चढत राहतं. वेट-फॉर-एज शर्यतीत मात्र वजन फक्त वय आणि लिंग पाहून ठरतं: पूर्ण वाढलेल्या घोड्याला 59 किलो, घोडीला 2 किलोची सूट, म्हणजे 57. कालचे दहा विजय असोत वा वीस, तेच 57. एप्रिल 2016 मध्ये डोन्कास्टर माइल या मोठ्या हँडिकॅपमध्ये ती 56.5 किलो घेऊन उतरली आणि भरगच्च गर्दीतून बाहेरून येऊन जिंकली. त्यानंतर वॉलरने तिला हँडिकॅपला कधीच लावलं नाही. पुन्हा लावलं असतं तर 58-59 किलोचा बोजा आला असता, आणि तिच्याइतकी चांगली घोडीदेखील 50 किलोवाल्या घोड्याला एखाद्या दिवशी सापडतेच.

पाय

साधारणपणे थरोब्रेडने ढांग लांब टाकणं ही गुणवत्तेची खूण मानली जाते. फार लॅप, सेक्रेटेरिएट या जुन्या नामांकित घोड्यांचं एकेक पाऊल 8 मीटरच्या आसपास सांगितलं जातं. विंक्सचं होतं 6.76 मीटर, म्हणजे नावाजण्यासारखं काहीच नाही. फरक वेगळाच होता. साधा घोडा भरवेगात पाच सेकंदांत 12 पावलं टाकतो, ती टाकायची 14, आणि हा वेग शर्यतीच्या शेवटीही टिकवायची. बाकीचे घोडे थकले की पावलांची संख्या उतरते. हिची उतरत नव्हती.

पावलं आखूड आणि झपाझप असली की दोन फायदे होतात. एक, वळणावर वेग मोडावा लागत नाही. लांब ढांगा टाकणारा घोडा आखूड वळणावर बाहेर फेकला जातो किंवा त्याला आवरावं लागतं. दोन, घसरड्या मैदानावर पकड सुटत नाही. ऑस्ट्रेलियात मैदानाचा ओलावा 1 ते 10 या आकड्यांत सांगतात. 8 पासून पुढे हेवी, म्हणजे चिखलच. 2017 मध्ये जॉर्ज रायडर अशाच हेवी मैदानावर झाली, आणि तिथे ती सात लेन्थहून जास्त अंतराने जिंकली. एक लेन्थ म्हणजे सुमारे 2.4 मीटर, आणि सहा लेन्थ म्हणजे जवळपास एक सेकंद, हे लक्षात घेतलं की ती दरी कळते.

तेव्हाचं मूनी व्हॅली मैदान या पायांसाठीच आखल्यासारखं होतं. परीघ 1805 मीटर आणि शेवटची सरळ पट्टी अवघी 173 मीटर होती. तुलनेला रँडविकची सरळ पट्टी 410 आणि फ्लेमिंग्टनची 450. शिवाय व्हिक्टोरियात घोडे डाव्या हाताने वळतात, सिडनीत मात्र आपल्या महालक्ष्मीसारखे उजव्या हाताने. म्हणून सिडनीच्या घोड्याला कॉक्स प्लेटच्या काही दिवस आधी मूनी व्हॅलीवर एक सरावाचा गॅलप देत, आणि विंक्सलाही तो दिला जायचा. घोड्याचा एक पाय पुढे राहून चाल धरतो. वळणाची बाजू बदलली की तो पुढचा पायही बदलावा लागतो, आणि सवय नसेल तर वळणातच वेग सांडतो.

173 मीटरवर मागून येणारा घोडा जिंकत नाही, हे तिथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. 24 ऑक्टोबर 2015 ला बाउमनने ते उलटं सोडवलं. शेवटच्या 600 मीटरच्या आसपास बाकीचे जॉकी बाहेरून सरकायला लागले, तेव्हा आतल्या रेलला फट पडली. बाउमन त्या फटीत घुसला. वळणावर सगळे घोडे बाहेरच्या वाटेने जास्त अंतर कापत होते आणि ही सगळ्यात आखूड वाटेवर. सरळ पट्टी लागली तेव्हा शर्यत संपली होती. 4¾ लेन्थ, वेळ 2:02.98, मैदानाचा विक्रम. तिसरा आलेला हायलँड रील पुढच्याच वर्षी इंग्लंडची किंग जॉर्ज आणि अमेरिकेची ब्रीडर्स कप टर्फ जिंकला.

2016 ला हार्टनेल हा तिचा खरा तोडीचा घोडा म्हणून सांगितला जात होता. तिने त्याला 8 लेन्थने मागे टाकलं, हा कॉक्स प्लेटमधला विक्रमी फरक. दहा दिवसांनी त्याच हार्टनेलने मेलबर्न कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला, म्हणजे घोडा कमी नव्हता. 2017 ला ह्युमिडॉरने शेवटी तिला गाठायला आणलं होतं. अर्ध्या लेन्थवर निभावलं, पण वेळ 2:02.94, स्वतःचाच विक्रम मोडून. 2018 च्या चौथ्या कॉक्स प्लेटमध्ये दुबईच्या गोडॉल्फिन तबेल्याचा बेनबाटल दुसरा. तिच्याआधी ही शर्यत तीनदा जिंकणारा एकटा किंग्स्टन टाउन होता, 1980 ते 82.

जिथे हातातून निसटत होतं

सगळ्यात धोक्याच्या दोन शर्यती 2017 च्या वसंतात लागोपाठ आल्या, आणि दोन्हींत घोडीपेक्षा परिस्थितीची चूक जास्त होती.

पहिली, ऑगस्टमधली वॉरविक स्टेक्स. गेट उघडलं तेव्हा ती तयार नव्हती आणि तीन-चार लेन्थ सुरुवातीलाच गेल्या. घोडा गेटमध्ये मागच्या पायांवर वजन टाकून उभा असेल किंवा डोकं वळवलेलं असेल, तर पहिली उडी पुढे न जाता वर जाते. 2000 मीटरवर ही चूक भरून निघते, 1400 वर वेळ थोडा असतो. बाउमनने इथे घाई केली नाही, हेच त्याचं कसब. घाईने जागा भरून काढायला गेलेला घोडा मधल्या भागातच शेवटची ताकद खर्चून बसतो. तो मागेच थांबून राहिला, मग तिला बाहेरून सोडली, आणि वॉलरच्याच तबेल्यातल्या फॉक्सप्लेला अगदी रेषेवर नाकभर अंतराने गाठलं. दोन मीटर आधी रेषा असती तर 33 ऐवजी 17 वर मोजणी थांबली असती.

दुसरी, सप्टेंबरमधली 1600 ची चेम्सफर्ड स्टेक्स. इथे गेट ठीक होतं, पण रेड एक्साइटमेंटच्या जॉकीने सुरुवातीपासूनच लांब पळ काढला. त्याच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये मोठी दरी पडली. अशा वेळी मागच्या जॉकीपुढे पेच असतो: पाठलाग केला तर आपला घोडा दमतो, नाही केला तर पुढचा सुटतो. गटातले सगळे फेव्हरिटकडे पाहत बसतात, फेव्हरिट कुणाकडे पाहणार? बाउमनला वळणानंतर रँडविकची लांब सरळ पट्टी मिळाली म्हणून ती पोचली, एका लेन्थने. हीच शर्यत मूनी व्हॅलीवर असती तर रेड एक्साइटमेंट सुटला असता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

यावरून बेटिंगवाल्यांनी धडा घेतला नाही, हा भाग वेगळा. शेवटच्या शर्यतीत तिचा भाव 1.06 च्या आसपास होता, म्हणजे 100 लावले तर 6 सुटतात. लोक तिकीट घ्यायचे आणि वटवायचेच नाहीत, जपून ठेवायचे.

ॲस्कॉटला का नाही

एप्रिल 2018 मध्ये तिने 25 वी सलग शर्यत जिंकली आणि ब्लॅक कॅव्हिआर या ऑस्ट्रेलियन घोडीची बरोबरी केली. पुढे इंग्लंडच्या रॉयल ॲस्कॉटला न्यावं, अशी मागणी जोरात होती. वॉलरने नकार दिला. टीकाकारांचं म्हणणं, परदेशी घोड्यांना त्यांच्या घरी जाऊन हरवल्याशिवाय थोरवी कसली?

ॲस्कॉट जूनमध्ये येतं. विंक्सचं शरद मोसम एप्रिलच्या मध्यावर संपायचं आणि ऑगस्टमध्ये वसंत सुरू व्हायचा, म्हणजे जून हा तिच्या कुरणाचा काळ. इंग्लंडला जायचं तर स्पेल गेला, क्वारंटाइन आलं, लांबचं विमान आलं, परत आल्यावर पुन्हा क्वारंटाइन. ऑक्टोबरची चौथी कॉक्स प्लेट मग जवळपास सोडूनच द्यावी लागली असती. ब्लॅक कॅव्हिआरचं उदाहरणही समोर होतं. 2012 मध्ये ॲस्कॉटला तिने डायमंड ज्युबिली जिंकली, पण रेषेआधी जॉकीने हात सैल केला आणि ती थोडक्यात बचावली. तपासणीत तिचे स्नायू फाटलेले निघाले.

आमचं मत वॉलरच्या बाजूचं. परदेशी घोडे तिच्या घरी आलेच होते, आणि जपानचा क्लुगर तर तिच्या शेवटच्या शर्यतीत दुसरा आला. घरच्या प्रतिस्पर्ध्यांनाही कमी लेखू नये. तिच्यामागे वारंवार दुसरा-तिसरा येणारा हॅपी क्लॅपर ती नसलेल्या दिवशी 2017 ची एप्सम आणि 2018 ची डोन्कास्टर जिंकला. 2019 च्या जॉर्ज रायडरमध्ये तिच्यामागे दुसरा आलेला ब्रुटल पुढच्याच शर्यतीत डोन्कास्टर जिंकला. घोड्यांची गुणवत्ता आकड्यांत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय हँडिकॅपरांनीही 2018 मध्ये तिला 130 गुण देऊन क्रॅक्समन या घोड्यासोबत जगात पहिला क्रमांक दिला.

पैसा आणि पुढे

2 लाख 30 हजारांच्या खरेदीवर 2 कोटी 64 लाख. ऑस्ट्रेलियात बक्षिसातले साधारण 10 टक्के ट्रेनरला आणि 5 टक्के जॉकीला जातात. उरलेले मालकांचे, त्यातून तबेल्याचा रोजचा खर्च, नाल, डॉक्टर, वाहतूक. एवढ्या रकमेपुढे तो खर्च किरकोळच. बक्षिसाची रक्कमही तिच्या काळात वाढत गेली: 2015 ची कॉक्स प्लेट 30 लाखांची होती, 2018 ची 50 लाखांची.

पैदाशीत मात्र सुरुवात अवघड झाली. आय ॲम इन्व्हिन्सिबल या घोड्यापासूनची पहिली शिंगरी ऑक्टोबर 2020 मध्ये दगावली. सात वर्षांपर्यंत धावलेल्या घोडीला गाभण ठेवणं, शिंगरू सुखरूप उतरणं हे तसंही जोखमीचं काम. ऑक्टोबर 2022 मध्ये पिएरो या घोड्यापासून शिंगरी झाली. एप्रिल 2024 मध्ये सिडनीच्या इंग्लिस ईस्टर लिलावात ती 1 कोटी डॉलरला गेली, आणि घेणारी होती विंक्सच्याच मालकांपैकी एक, डेबी केपिटिस. म्हणजे आईच्या किमतीच्या त्रेचाळीस पटींहून जास्त, तेही एक पाऊल न धावलेल्या पोरीसाठी. तिचं नाव ठेवलं किन्सेन्येरा.